छत्रीखालचं तण

३ मार्च, सकाळी

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. माणसाची प्रगती होत असताना तिची कुठेतरी नोंद असावी, एवढाच हेतू.

वरच्या मजल्यावरच्या काकू, म्हणजे आमच्या घरमालकीण, आज मुलाकडे गेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन आहे, उन्हाळा तिकडेच काढणार. टॅक्सीत बसल्या, पुन्हा उतरल्या आणि काठी टेकत मला लॉनवर घेऊन आल्या. म्हणाल्या, घराची काळजी नाही, तुझे आईबाबा आहेत. लॉन मात्र तुझ्यावर सोपवते. तू शिकलेली आहेस. तण फार माजलंय, तेवढं काढ. आणि काहीही झालं तरी छत्रीला जप.

छत्री हे लॉनच्या मधोमध असलेलं शोभेचं झाड. फांद्या चहूबाजूंनी खाली झुकलेल्या, सध्या गुलाबी फुलांनी भरलेल्या. काकांनी लावलेलं. काका आता नाहीत. काकू रोज संध्याकाळी त्याखाली खुर्ची टाकून बसतात आणि दिवसभराच्या तक्रारी झाडाला सांगतात. त्यात आमच्याही असतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं ऐकू येतं.

काकूंनी आजवर कुणाला लॉनवर साधी खुरपी टेकू दिलेली नाही. मला दिली. आमच्या घरात मी पहिली ग्रॅज्युएट. बीएस्सी, वनस्पतिशास्त्र. सर्टिफिकेट फ्रेम करून फ्रिजच्या वर लावलंय. फ्रिजमधून दूध काढतानाही बाबा एकदा मान वर करून बघतात. नोकरीचे अर्ज सुरू आहेत. तोवर हे माझं पहिलं खरं काम.

संकल्प: विष वापरणार नाही. कधीच नाही. निसर्गाशी संवाद साधून तण काढणार.

५ मार्च

घरात मीटिंग घेतली. बाबा स्कूलबस चालवतात, आई लाँड्रीत इस्त्री करते, धाकटी शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे तिघं एका वेळी फक्त जेवणाच्या टेबलावर सापडतात.

आमच्या घरात एक वाईट खोड आहे. कुणाचं काम बिघडलं की बाकीचे त्याला तोंडावर काही बोलत नाहीत, गुपचूप नीट करून ठेवतात. मी सूप केलं की माझी पाठ वळताच आई त्यात मीठ घालते. बाबांनी खिळा वाकडा ठोकला की धाकटी त्यावर कॅलेंडर टांगते. हे प्रेम असेल, पण शास्त्रीय पद्धत नव्हे. म्हणून मी बजावलं, लॉनला माझ्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही.

आई म्हणाली, नाही गं बाई लावत. बाबा म्हणाले, ती शिकलेली आहे, तिचं तिला कळतं. धाकटी म्हणाली, मी तर अभ्यासालाही हात लावत नाही.

८ मार्च

हाताने तण उपटायला सुरुवात. तीन पानांचं, जमिनीलगत पसरणारं तण आहे. वर ओढलं की पान हातात येतं आणि मूळ खाली हसत राहतं. सकाळभर बसून फाटकाजवळचा एक कोपरा साफ केला. साधारण पायपुसण्याएवढा.

कंबर धरली. धाकटीने विचारलं, निसर्ग काय म्हणाला. दुर्लक्ष केलं.

१२ मार्च

हाताने तण काढणं ही मागच्या शतकातली पद्धत आहे. उकळतं पाणी ओतलं की तण मुळासकट मरतं, असं वाचलं. केटल घेऊन गेले. खरंच मेलं. भोवतालचं गवतही मेलं. लॉनवर आता केटलच्या बुडाएवढे पिवळे गोल दिसतात. कुणी विचारलं तर प्रायोगिक क्षेत्र म्हणून सांगायचं.

बाबांनी विचारलं. सांगितलं. ते समजल्यासारखे मान हलवून गेले आणि संध्याकाळी नेमक्या त्या गोलांवर कुंड्या ठेवलेल्या दिसल्या.

२१ मार्च

कुंड्या उचलून पाहिल्या. पिवळ्या गोलांत नवं काहीतरी उगवलंय. तीन पानांचं.

काकूंचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं. स्वतःच्या गुडघ्याबद्दल एक वाक्य बोलल्या, मग छत्रीची चौकशी. मी म्हटलं, अगदी मजेत आहे. त्या म्हणाल्या, तू आहेस म्हणून मी इथे निवांत झोपते. मला मात्र रात्रभर झोप लागली नाही.

२८ मार्च

बियाणं आणि खतांच्या दुकानात गेले. दुकानदाराने दाणेदार औषध दिलं. हे नुसतं तणनाशक नाही म्हणे, खतही आहे. तण मरतं आणि गवत पोसतं. मी त्याला विचारलं, दाण्याला कसं कळतं कोण तण आणि कोण गवत. तो म्हणाला, रुंद पानाचं मरतं, बारीक पानाचं जगतं.

काय सुंदर तत्त्व आहे. घरी येऊन सगळ्यांना समजावलं. रुंद पान मरतं, बारीक पान जगतं. धाकटीने खिडकीतून बाहेर बघत विचारलं, आणि छत्रीचं पान. मी म्हटलं, झाड आणि तण यांत फरक असतो, पुढच्या वर्षी कळेल तुला.

माझ्या संकल्पाबद्दल: विष हा फार भावनिक शब्द आहे. पाकिटावर तो कुठेही लिहिलेला नाही.

३० मार्च

पाकिटावर अगदी बारीक अक्षरात एक सूचना सापडली. शोभेच्या झाडांच्या मुळांच्या क्षेत्रात वापरू नये.

आता मूळ असतं खोडाखाली, हे लहान मूलही सांगेल. तरी पुस्तकी ज्ञानाचा आधार घ्यावा म्हणून आठवायचा प्रयत्न केला. मुळांचा धडा मी परीक्षेत ऑप्शनला टाकला होता. पानं आणि फुलं पक्की केली होती. त्या जोरावर सेकंड क्लास आला. तेव्हा उगाच खोलात शिरण्यात अर्थ नाही.

छत्रीच्या खोडापासून हातभर अंतर सोडलं. चांगलं मोठं अंतर आहे. बाकी सगळ्या लॉनवर, अगदी झुकलेल्या फांद्यांखालीही, दाणे टाकले आणि पाणी दिलं.

पाकीट मागच्या पडवीत ठेवलं. कुणी हात लावू नये, असं पुन्हा बजावलं. बाबा म्हणाले, तुला कळतं बाळा.

६ एप्रिल

काही फरक नाही. तण उलट टवटवीत दिसतंय. खत बहुतेक चुकीच्या पक्षाला गेलं.

आज एका नोकरीच्या अर्जाला नकारही आला. जेवताना डोळ्यात काहीतरी गेलं. तिघांनी एकदम ताटात पाहिलं. आईने माझ्या पानात न मागता दुसऱ्यांदा वाढलं.

९ एप्रिल

पाकीट हलकं वाटतंय. हवेतल्या ओलाव्याने दाणे आकसत असावेत. याला शास्त्रात एक शब्द आहे, आठवला की लिहीन.

बाबा हल्ली बसवर जायच्या आधी फिरायला जातात. बूट चिखलाने भरलेले असतात. या वयात तब्येतीची काळजी घेतात हे पाहून बरं वाटलं.

१३ एप्रिल

आईने लाँड्रीतली पाणी फवारायची बाटली घरी आणलीय. विचारलं तर म्हणाली, असू दे, लागते. घरी तर इस्त्रीच नाही.

आणि धाकटीला पावडरचा डबा घेऊन लॉनवर काय करायचं असतं? या वयात मुली आपल्या दिसण्याबद्दल फार हळव्या होतात. तिच्याशी एकदा मोकळेपणाने बोलायला हवं.

पाकीट आणखी आकसलंय.

१८ एप्रिल

यश. तणाची पानं पिळल्यासारखी वाकडी झालीत, देठ वेटोळे घालतायत. शास्त्राला वेळ द्यावा लागतो, हेच मी म्हणत होते. तिघांना लॉनवर नेऊन दाखवलं. तिघंही इतके खूश झाले की मलाच नवल वाटलं. बाबांनी आईकडे पाहिलं नाही, आईने धाकटीकडे पाहिलं नाही, धाकटीने आकाशाकडे पाहिलं. म्हणाली, ताई, तू ग्रेट आहेस. ती असं कधी म्हणत नाही.

या अनुभवावर शाळांमध्ये व्याख्यानं द्यायला हरकत नाही.

२३ एप्रिल

फुलं झडून छत्रीला नवी पालवी आलीय. पानांच्या कडा किंचित आत वळल्यात. कोवळी पानं अशीच असतात.

२७ एप्रिल

ऊन फार आहे. उन्हाने पानं वळतात.

३० एप्रिल

ऊन नव्हतं आज. छत्रीची पानं चमच्यासारखी झालीत, काही पिळलीत, देठ वेटोळे घालतायत. असं कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतं.

३० एप्रिल, संध्याकाळी

पलंगाखालच्या खोक्यातून पुस्तक काढलं. मुळांचा धडा कोरा करकरीत निघाला, पानं एकमेकांना चिकटलेली होती. पहिल्याच आकृतीत मुळं खोडाखाली थांबतच नाहीत. जमिनीच्या वरच्या थरातून पसरत फांद्यांच्या घेराच्याही पार बाहेर जातात. म्हणजे लॉनखाली सगळी छत्रीच आहे.

आणि छत्रीचं पान रुंद आहे. हे धाकटीला दिसलं होतं.

२ मे

काकूंना फोन करून सगळं खरं सांगायचं ठरवलं. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. सत्य लपवणं म्हणजे शिक्षणाचा अपमान. फोन लावला. काकूंनी विचारलं, छत्री कशी आहे. मी म्हटलं, तुमची आठवण काढते.

उद्या सांगेन.

७ मे

उद्या.

१० मे, दुपारी

काकू न कळवता आल्या. गुडघा बरा झाला, तिकडे करमेना म्हणाल्या. टॅक्सीतून उतरून सरळ लॉनवर. आम्ही चौघं मागे.

तण बऱ्यापैकी मेलेलं होतं. त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. छत्रीचं एक पान तोडलं, तळहातावर ठेवलं, बोटाने सरळ करायला पाहिलं. ते पुन्हा मिटलं. बराच वेळ त्या तसंच करत राहिल्या. मग विचारलं, कुणी केलं हे.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण बाबा पुढे झाले. म्हणाले, मी केलं. पोरगी एवढी खपत होती, तण काही मरेना, तिचा चेहरा बघवेना. म्हणून पहाटे मी पाकिटातले दाणे ओंजळीने टाकले. तिला यातलं काही माहीत नाही.

मला धक्का बसला. आणि, प्रगतीची नोंद म्हणून लिहिते, थोडं हायसंही वाटलं.

आई बाबांना म्हणाली, तुमच्या ओंजळीने काय होतंय. मी पाण्यात कालवून बाटलीने फवारलं, पानापानावर. झाडावरही उडालं असेल. माझंच चुकलं. धाकटी म्हणाली, नाही हो काकू, मी पावडरच्या डब्यात भरून शिंपडलं, भोकं मोठी केली होती. तिघं भांडायला लागले. झाड जास्त कुणी मारलं यावरून आमच्या घरात पहिल्यांदा उघड भांडण झालं.

काकू माझ्याकडे बघत होत्या. इथे मी धीटपणे बोलले, असं लिहायला आवडलं असतं. मी म्हणाले, मुळांचा धडा मी ऑप्शनला टाकला होता. काकूंना कळेना. पुन्हा विचारलं. तेव्हा मी म्हणाले, सगळ्यात आधी मी टाकलं, काकू. फांद्यांखालीसुद्धा टाकलं. पाकिटावर नको म्हणून लिहिलं होतं, ते मी वाचलं होतं. आणि फोनवर खोटं बोलले.

बाबा म्हणाले, असू दे, ती शिकलेली आहे. मग त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं.

काकूंनी खुर्ची मागवली. धाकटीने आणली. त्या छत्रीखाली बसल्या आणि आमच्याशी न बोलता झाडाशी बोलायला लागल्या. म्हणाल्या, ऐकलंस ना. एकीने तुला वाढलं, मग बापाने वाढलं, मग आईने, मग या टवळीने. एकमेकांना विचारलं नाही की तुझं पोट भरलंय का. आता कुणाला घराबाहेर काढू, तूच सांग.

आम्ही खिडकीतून ऐकायचो, ते आज समोर उभं राहून ऐकलं.

११ मे

काकूंनी घराबाहेर काढलेलं नाही. पुढच्या पालवीला कळेल म्हणाल्या, झाड राहतं की जातं. तोवर औषध नाही, खत नाही, गरम पाणी नाही. पाणी द्यायचं आणि तण हाताने काढायचं. कुणी, ते सांगावं लागलं नाही.

बाबांनी आज दूध काढताना सर्टिफिकेटकडे पाहिलं नाही. नंतर थोडं पाहिलं.

२४ मे

रोज पहाटे स्वयंपाकघरातली जुनी सुरी घेऊन बसते. मूळ तुटू न देता एकेक तण काढायचं. मुळांचा धडा आता पाठ आहे. परीक्षा नाही.

छत्रीची बरीच पानं गळली. धाकटी म्हणते, शेंड्याला एक पान सरळ आलंय. मला दिसलं नाही. काकूंनी विचारलं तेव्हा मी तसंच सांगितलं, की तिला दिसतं, मला दिसत नाही. काकू म्हणाल्या, बरं. मग स्वतः मान वर करून बराच वेळ शोधत बसल्या.

२ जून, सकाळी

काल ताप आला म्हणून तण काढायला जमलं नाही. फाटकाजवळचा माझा कोपरा, पायपुसण्याएवढा, तेवढाच काय तो लॉनमध्ये दाखवण्यासारखा झाला होता.

आज जाऊन पाहते तर कुणीतरी पहाटे येऊन तो साफ करून ठेवलाय. अगदी मन लावून, मुळं न तुटता. एकही तण शिल्लक नाही. गवतही नाही.

घरात चहा पिताना तिघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. बाबांच्या नखांत माती होती. आईच्याही. धाकटीने हात टेबलाखाली ठेवले होते.

मी म्हटलं, आज चहा छान झालाय. मग त्या जागेवर कुंडी नेऊन ठेवली.