डाव्या पॅडलची सायकल

बाला,

मी शाळेत शिकवायला निघाले. दहीभात झाकून ठेवलाय, खा. कालपासून तू उपाशी आहेस.

अपघातानंतर तू पुन्हा सायकल चालवावीस, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिरुनागेश्वरम गावच्या भंगार बाजारातून फ्रेम आणली, दुसऱ्याच सायकलींची चाकं बसवली, एका पायानं मारता यावी म्हणून डाव्या पॅडलला पट्टा आणि मागे कुबडी अडकवायला आकडा लावला. पण तुला काही विचारलं नाही. पायाचं मापसुद्धा तू झोपेत असताना घेतलं.

काल सगळ्या गल्लीसमोर तुला बसवलं. लोक टाळ्या वाजवायला लागले तसा तुझा चेहरा उतरला, तरी मी म्हणत राहिले, "अजून एक फेरी मार!"

तू उतरून म्हणालास, "अक्का, पाय गेलाय माझा. चार दिवस रडू तरी दे."

मी ब्रेक तपासत बसले. तू इस्पितळातून आल्यापासून माझ्या हातात सतत पाना होता. तुझ्याजवळ स्वस्थ बसले असते, तर मलाच रडू आलं असतं.

सायकल मागच्या अंगणात गोणपाटाखाली झाकलीय. आज लवकर येते. काही बोलू नकोस, मी नुसती शेजारी बसेन.

तुझी अक्का