बाई काही बोललीच नाही

४ मार्च

शेवटी माझ्याच गळ्यात पडलं! आमच्या औषधं मागवायच्या साइटवर जिथे जिथे खिडकी उघडते, त्या सगळ्या तपासायच्या आणि ठरवायचं — ही मोडल हवी की नॉन-मोडल. आमचे टीम लीड म्हणाले, "सोपं काम आहे, तुला बरं पडेल." सोपं म्हणून जे हातात येतं ते कधीच सोपं नसतं, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

मोडल म्हणजे दारात आडवा बसलेला माणूस. उत्तर द्या, मग पुढे जा. तोवर मागचं पान बंद. नॉन-मोडल म्हणजे बाजूच्या खुर्चीतला पाहुणा. तो तिथे असतो, आपण आपलं काम करत राहतो, सवड झाली की त्याच्याशी बोलायचं. इथपर्यंत समजलं. पण "पत्ता बदला" ही यातली कोणती? आणि "तुमच्या गोळ्या संपत आल्या आहेत" ही? डिझाइनवाली म्हणते, कोणालाही अडवू नकोस, लोक चिडतात. आमचा टेस्टर — सगळे त्याला शंकासूरच म्हणतात — तो म्हणतो, सगळ्यांना अडव, लोक न वाचता पळतात. दोघांचंही पटतं! हीच माझी खोड.

५ मार्च

दादाचा फोन. बाबा स्वयंपाकघरात पडले. कोपर खरचटलं, बाकी ठीक. पण रक्तदाब भलताच चढला होता. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? डबी रिकामी. बाबा म्हणतात, "मी मागवल्या होत्या. आल्याच नाहीत." दादाने आमच्या साइटवरच्या त्यांच्या खात्यात पाहिलं — काहीच मागवलेलं नाही!

"पहिल्यांदा नाहीये हे," दादा म्हणाला. "मागवल्या म्हणतात आणि मागवत नाहीत. विसरायला लागलेत गं ते." महिनाअखेर बाबांना त्याच्या शहरात, त्याच्या घरी न्यायचं म्हणतोय. इथलं घर बंद. वहिनीने खोलीही रिकामी केली. फक्त मी हो म्हणायचं, म्हणजे बाबांना सांगायला दोघं असू.

मी म्हटलं, बघते. हो नाही, नाहीही नाही.

६ मार्च

दिवसभर खिडक्या. डोकं गरगरतंय. "बघते" ही नॉन-मोडलच की!

८ मार्च

बाबांकडे गेले. दार त्यांनीच उघडलं, कोपराला पट्टी, दाढी गुळगुळीत. काचबिंदूने डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली. पण या घरात त्यांना पाहिलं तर कोणाला खरं वाटणार नाही. गॅस, कपाट, खिडकीची कडी, सगळं हाताला पाठ. चहा त्यांनी केला. ओट्यावर तीन कप मांडले. सवय! आईला जाऊन दुसरं वर्ष चालू आहे, पण हाताला कोण सांगणार. तिसरा मी गुपचूप परत ठेवला.

दादाचं म्हणणं सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "इथे मला दिसत नाही एवढंच. तिथे नेलंत तर मी आंधळा होईन."



९ मार्च

बाबा आयुष्यभर टायपिंग शिकवायचे. मान खाली घालून कळा बघणाऱ्याच्या हातांवर रुमाल टाकायचे — "बोटांना डोळे लागत नाहीत!" आज परीक्षाच घेतली मी त्यांची, लाज वाटली तरी घेतली. फोन नंबर विचारले, आत्याच्या लग्नाचं साल विचारलं, माझ्या शाळेतल्या बाईंचं नाव विचारलं. सगळं बरोबर! वर म्हणाले, "मार्क किती पडले?" मला हसू आलं आणि रडूही.

मग गोळ्यांचं विसरतात कसं? लग्नाचं साल आठवतं आणि कालचं आठवत नाही — म्हातारपणी असंच होतं म्हणे. की नाही होत? मला काहीच कळत नाहीये. निघताना त्यांनी विचारलं, चहा घेतलास का? घेतला होता. असेल, बोलण्याच्या नादात.

११ मार्च

दादा: "ठरलं का तुझं?"
मी: "बघते."
दादा: "किती बघशील?"

१२ मार्च

ऑफिसात भांडण. "मागवायचं? — हो, नाही" ही शेवटची खिडकी. मी म्हटलं, ही तरी मोडलच ना? सगळे म्हणाले, आहेच मोडल, दिसत नाही का! मागे काळपट पडदा, मधोमध पांढरा चौकोन. चला, एक तरी सुटली.

१५ मार्च

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

बाबांना म्हटलं, माझ्यासमोर मागवा. ते कॉम्प्युटरपुढे बसले. मॉनिटरचा पडदा बंद! ते तो लावतच नाहीत. "मला काय करायचाय? उगाच वीज." पानावरचं वाचून दाखवणारा जो आवाज आहे, त्याला ते बाई म्हणतात. बाई सांगते, बाबा कळा दाबतात. पडदा लावायला मी हात पुढे केला, पण म्हटलं राहू दे, आपणही ऐकूनच बघू. मी खुर्ची ओढून डोळे मिटून बसले.

बाई बोलत गेली. रक्तदाबाची गोळी. एक महिना. "मागवा, बटण." बाबांनी एंटर दाबलं.

बाई गप्प.

बाबांनी जरा वाट पाहिली. पुन्हा एंटर. गप्प. मग टॅब दाबत पुढे गेले, तर बाई सुरळीत बोलायला लागली — "आमच्याविषयी", "संपर्क", पानाच्या तळाचं नेहमीचं सगळं. बाबा हात झटकून म्हणाले, "झालं. मागवलं."

मलाही तसंच वाटलं! खरंच. झालं असंच वाटलं.

आणि मग मी पडदा लावला. मधोमध खिडकी. "मागवायचं? हो. नाही." लख्ख उजेडात उभी, विचारतेय. कोणाला? बाबा तिच्या मागच्या पानावर फिरून आले, त्यांना ती लागलीसुद्धा नाही. माऊसवाल्याला खिडकीमागचा तो काळपट पडदा अडवतो. कळांवर चालणाऱ्याला कोणीच अडवत नाही, आणि खिडकी आहे हे बाईलाही कोणी सांगितलेलं नाही.

"पूर्वी विचारायची बाई," बाबा म्हणाले. "हल्ली नाही विचारत. मला वाटलं तुम्ही लोकांनी सोपं केलंत."

म्हणजे दर वेळी मागवलं होतं त्यांनी. खरंच मागवलं होतं! आणि आम्ही दोघं भावंडं त्यांच्या डोक्यात बिघाड शोधत बसलो. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्यांचा हात धरून किती वेळ बसले कोण जाणे. ते म्हणत होते, अगं झालं काय? मी सगळं पहिल्यापासून सांगितलं.

१६ मार्च

आत उघडून पाहिलं. खिडकी खोटी आहे! चित्र आहे नुसतं. पूर्वी खरी मोडल होती. पण खरी उघडली की ब्राउझर मागचं सगळं बंद करतो, त्यात कोपऱ्यातलं मदतीचं बटणही बंद व्हायचं. तक्रारी आल्या. मग आमच्यातल्या कोणीतरी (आता तो दुसरीकडे आहे, सुखात असो) खरी काढली आणि हुबेहूब तशी रंगवून ठेवली. मदतीचं बटण चालू झालं, सगळे खूश. दिसायला मोडल, वागायला धड ना इकडची ना तिकडची. आणि मी काखेत कळसा घेऊन गावभर मोडल-नॉन-मोडल करत हिंडतेय!

१७ मार्च

लीड म्हणाले, "पण दिसतंय तर बरोबर." मी म्हटलं, दिसतंय, तेवढंच करतंय. ते म्हणाले, "असे वापरणारे किती असतील?" माझा आवाज चढला. नको ते बोलले. माझे वडील पडले, असंही बोलले. 

मग शंकासूर उठला, त्याने लीडच्या टेबलावरचा पडदा बंद केला, बाई चालू केली आणि म्हणाला, "मागवून दाखवा." लीडनी बराच वेळ कळा बडवल्या. शेवटी म्हणाले, "मागवलं बहुतेक." पडदा लावला — खिडकी उभी!

कोणी हसलं नाही. लीड म्हणाले, "कधीपर्यंत करशील?"

२० मार्च

केलं. खरी मोडल. उघडली की कर्सर आत जातो, बाई आधी प्रश्न वाचते, मग कोणाचं नाव, कोणती गोळी, किती दिवसांची, मग हो, मग नाही. टॅब दाबून मागच्या पानावर निसटता येत नाही. एस्केप दाबलं की बंद, आणि जिथून आलो त्याच बटणावर परत. मदतीचं बटण खिडकीच्या आतच घातलं. इतकं साधं होतं! मग आधी का नाही सुचलं कोणाला? मला का नाही सुचलं?

२१ मार्च

बाबांनी मागवलं. बाईने विचारलं. बाबांनी हो दाबलं. दोघांत मी नव्हतेच, दारात उभी होते.

२३ मार्च

गोळ्या आल्या!! दादाला फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्याला आधी कळेचना. "म्हणजे बाबा विसरत नव्हते?" नाही रे, नाही! खिडकी मुकी होती. त्याने मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग म्हणाला, "मी त्यांना फार बोललो गं." मीही रडले, तोही. न्यायचं रद्द. वहिनीने मागून विचारलेलं ऐकू आलं, "मग खोलीचं काय करू?" दादा म्हणाला, "राहू दे, येतील सुट्टीत."

न्यायचं का असं दादाने शेवटचं विचारलं, तेव्हा मी ठामपणे नाही म्हटलं. आयुष्यात एकदा तरी "बघते" म्हटलं नाही.

२७ मार्च

बाबांचं खातं नीट लावून देत होते. "कोणासाठी मागवायचं?" तिथे दोन नावं — बाबा आणि आई. आईच्या नावापुढे तिच्या थायरॉइडच्या गोळ्या अजून तशाच. काढून टाकायला गेले. खिडकी आली, मीच बनवलेली. "हे नाव कायमचं काढायचं? हो. नाही." बाईने आईचं नाव वाचलं. पूर्ण नाव. बाबा शेजारीच बसले होते, ऐकत.

माझं बोट जाईना. टॅब दाबून मागे निसटायला वाट नाही, कारण ती मीच बंद केलेली. "नाही" दाबलं.

राहू दे. नावच आहे नुसतं, कोणाचं काय अडतंय.

३० मार्च

लीडनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. आता उरलेल्या खिडक्याही मीच करायच्या. भोगा! शंकासूर म्हणतो, खिडकी नीट विचारते एवढंच आपण तपासलं. मी म्हटलं, मग आणखी काय तपासायचं असतं? त्याने खांदे उडवले. सगळ्यात शंका काढायची त्याला सवयच आहे.

२ एप्रिल

बाबांचा फोन. आवाज इतका खुशीतला, कधीचा ऐकला नव्हता. "पार्सल आलं बघ! बाईने काय छान विचारलं. नाव वाचलं, गोळी वाचली, मागवायचं का म्हणाली. मी हो दाबलं. हिच्या थायरॉइडच्या गोळ्या संपल्या होत्या ना. आत झोपलीये, उठली की देतो."

खिडकी पुन्हा तपासली. तिच्यात काही चूक नाही.

दादाला अजून फोन केलेला नाही.