बाहेर थांबणारे

६ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

उपास एकदाचा पार पडला. योम किप्पूरला पंचवीस तास पाण्याचा थेंब नाही, आणि आई या वयातही ऐकत नाही. डॉक्टरांनी निदान गोळीपुरतं पाणी घ्यायला सांगितलं होतं. तिने उलट डॉक्टरांनाच समजावलं की हा आम्हा यहुद्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा, क्षमा मागायचा दिवस आहे, आणि गोळी काय उद्याही असतेच. उपास सोडताना तिला कप दोन्ही हातांनी धरावा लागला, पण चहात साखर कमी आहे हे तिला पहिल्या घोटाला कळलं. म्हणजे तब्येत ठीक आहे असं समज.

आता खरी गोष्ट. फोनवर बोलता येत नाही, कारण फोन आईच्या खुर्चीला चिकटून आहे. गेलेल्यांच्या आठवणीची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी, ज्यांचे आईवडील दोघेही हयात आहेत त्यांनी सिनेगॉगच्या बाहेर जायचं, ही रीत तुला माहीत आहेच. आईच्या लेखी बाबा एकोणतीस वर्षांपूर्वी कामाला गेलेत आणि अजून यायचे आहेत. त्यामुळे आई तिच्या आईवडिलांसाठी आत आणि मी बाहेर. एकेचाळीस वर्षांची बाई शाळकरी पोरांबरोबर पायरीवर बसलेली! एका पोरीने यंदा मला चक्क आजी म्हटलं. आमच्या चष्म्याच्या दुकानात कधीतरी येईलच, तेव्हा बघते तिच्याकडे.

आम्ही बाहेर सात जण होतो. दारवान आजोबा नेहमीसारखे मोजत होते. माणसांना आकडा लावू नये म्हणून ते जुन्या रीतीने उलटं मोजतात ना, एक नाही, दोन नाही, तसं. बाहेर सोडताना ते आठ नाही पर्यंत गेले. परत आत घेताना मात्र सात नाही वर थांबले. त्यांनी चष्मा पुसून अंगणात दोनदा पाहिलं. चष्मा मीच बनवलाय, नंबर बरोबर आहे.

तो आठवा कोण हे मला ठाऊक आहे. म्हणजे नाव ठाऊक नाही, पण दरवर्षी तो असतो. नळापाशी, आमच्याकडे पाठ करून. मी त्याला कुणाचा तरी पाहुणा समजत आले. लहानपणी तो मला चांगला मोठा माणूस वाटायचा. यंदा त्याची मान बघताना लक्षात आलं, तो माझ्याहून लहान आहे. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

हसू नकोस. हसलास तर हसलास, पण लिही. जीव लावतोसच, तो असाच राहू दे.

तुझी,
ताई


१५ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसलोच. आजी हे पद तुला शोभून दिसेल. दारवान आजोबांना उपासाने भोवळ आली असेल असंही लिहिणार होतो. पण दोन दिवस कागद तसाच पडून राहिला आणि मला पुढे लिहिता येईना.

ताई, तो माणूस इथेही असतो.

मी या शहरात लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीला लागून नऊ वर्षं झाली, आणि नवाच्या नऊ वेळा मी त्याला पाहिलंय. इथल्या सिनेगॉगबाहेर नळ नाही, मागच्या जिन्याखाली मोकळी जागा आहे, तिथे उभा असतो. पाठमोरा, बाह्या दुमडलेला राखी शर्ट. माझ्या लक्षात राहिले ते त्याचे बूट. उपासाच्या दिवशी कुणी चामडं पायात घालत नाही, मी कापडी बूट घालतो, बाकीचे सपाता घालतात. हा मात्र जाड चामड्याच्या कामाच्या बुटांत. त्यातही उजव्या बुटाला नाडी नाही. मोटारीच्या वायंडिंगची तांब्याची तार ओवून बांधलाय. तारेला दोन पीळ, आणि टोक आत वळवलेलं, कुणाला टोचू नये म्हणून. हातात कसब असलेल्याचं काम आहे ते. मी कामावर तसंच टोक वळवायला त्याच्याकडूनच शिकलो म्हण.

बोलायला जवळ गेलं की नेमकं दार उघडतं आणि आत बोलावतात. वळून पाहावं तर जिन्याखाली कुणी नाही. कुणीतरी विसरभोळा कारागीर असेल, असं मी स्वतःला नऊ वर्षं सांगतोय.

आईला शि. सा. न. साखर दोन चमचे घालत जा. तुझी माया आहे तशी असू दे.

तुझा,
ठोंब्या


२३ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दुकानात वाचलं आणि हातातलं भिंग खाली पडून फुटलं. मालकांनी विचारलं काय झालं, तर घाम आला म्हटलं. पंखा चालू होता.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बाबा गेले त्या सकाळी तू पाच वर्षांचा होतास आणि तापाने झोपला होतास. मी बारा वर्षांची, म्हणजे कळत्या वयाची. मला बाहुलीची वेणी घालायची होती, म्हणून मी बाबांच्या उजव्या बुटाची नाडी काढून घेतली. ते घरभर नाडी शोधत राहिले. मी दाराआड उभी होते आणि गप्प बसले, कारण ओरडा बसेल अशी भीती वाटली. शेवटी त्यांनी हत्यारांच्या पेटीतून तार काढली, बूट बांधला, दोन पीळ दिले, आणि टोक आत वळवलं. मी बघत होते.

त्यात त्यांची मोठी बोट चुकली. पलीकडच्या बंदरात इंजिन दुरुस्तीचं काम होतं म्हणून ते मिळाली त्या लहान लाँचने गेले. लाँचची एक फळीही मिळाली नाही. सिनेगॉगच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, ज्या पाण्याचा दुसरा काठ दिसत नाही त्यात हरवलेल्या माणसाला गेला म्हणता येत नाही. झालं, आईने तेवढंच घट्ट धरलं. तिने त्यांचं नाव आत कधी घेतलं नाही आणि आपल्यालाही घेऊ दिलं नाही.

त्या तारेबद्दल माझ्याशिवाय कुणाला माहीत असणं शक्य नाही, रे. तू ती नऊ वर्षं बघतोयस.

मला आता एकच वाटतं. प्रार्थनेत नावं घेतली की गेलेली माणसं आत येतात. ज्यांचं नाव कुणी घेत नाही ती कुठे जात असतील? पुढच्या वर्षी मला आत थांबायचं आहे, आणि त्यांचं नाव घ्यायचं आहे. तू काय म्हणतोस?

तुझी,
ताई


२ नोव्हेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तू बारा वर्षांची पोर होतीस. नाडीने लाँच बुडत नाही, हे मी यंत्रातला माणूस म्हणून सांगतो. तो विचार आधी डोक्यातून काढ.

नाव घेण्याचं मात्र मला पटत नाही, आणि कारण स्वार्थी आहे ते सरळच लिहितो. तुझ्याकडे बाबांची सकाळ आहे, बूट आहे, आवाज आहे. माझ्याकडे काही नाही. त्यांचा चेहराही मला फोटोतलाच आठवतो. वर्षातून एकदा सगळे आत असताना मी बाहेर उभा राहतो, तेवढ्यापुरता मी वडील असलेला मुलगा असतो. तू नाव घेतलंस की ते संपलं. आणि आता तर तिथे कोण उभं असतं हेही कळलंय. नऊ वर्षं मी त्यांच्यापासून चार पावलांवर उभा होतो, ताई. मला अजून एक वर्ष दे, दहा वर्षं दे.

आईला यातलं काही सांगू नकोस. तिच्याने सोसवणार नाही.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
ठोंब्या


५ एप्रिल

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. मी आईला सांगितलं. आधी पूर्ण वाच, मग चिड.

परवा पेसाहच्या सणाची पहिली संध्याकाळ झाली. दोनच माणसं आम्ही, तरी आईने टेबलावर चार पेले मांडले. एक तिचा, एक माझा, एक एलियाहू नबीचा आणि चौथा बाबांचा. नबींसाठी दार उघडायची वेळ आली की आई दार उघडते आणि सूप थंडगार होईपर्यंत लावत नाही, हे आपण लहानपणापासून बघतोय. यंदा वाऱ्याने तिला खोकला लागला. मी दार लावायला उठले तर तिने हात धरला आणि म्हणाली, तो आला आणि दार बंद दिसलं तर काय म्हणेल. माझा बांध फुटला. बूट, तार, नळ, तुझा जिना, सगळं बोलून टाकलं. नाडीचंही.

मला वाटलं ती रडेल नाहीतर मला मारेल. ती उघड्या दाराकडे वळली. मग तिने विचारलं, म्हणजे तो इतकी वर्षं बाहेर उभा आहे का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, आणि मी आत बसलेय. मी त्याला घरात धरून ठेवतेय असं समजत होते, आणि त्याला दारातच अडवलं.

मग ती उठली आणि कपाटातून एक डबी घेऊन आली. त्यात ती नाडी होती. बाहुलीच्या केसांत तिला त्याच आठवड्यात सापडली होती. एकोणतीस वर्षं तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. मी ओरडा बसेल म्हणून गप्प, आणि ती पोरीला लागेल म्हणून गप्प. काय घर आहे आपलं!

तिचा निरोप तिच्याच शब्दांत लिहिते. या योम किप्पूरला नाव मी घेणार, बायको मी आहे. नाडी पोराकडे पाठव, तो तुझ्या बाबांच्या जवळ जातो. सोबत पाठवली आहे. तुझं दुःख मला कळतं, रे. पण ते उभे आहेत. बसायला कुणी सांगितलेलं नाही त्यांना.

तुझी,
ताई


२४ सप्टेंबर

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. काल लिहायची मनाई म्हणून आज उजाडताच बसले आहे.

बाहेर जायची सूचना झाली आणि सवयीने मी उठले. आईने माझा हात धरून खाली बसवलं. दारवान आजोबांनी मला आत पाहिलं आणि मान हलवली, जणू तेही वाट बघत होते. बाहेर सहा पोरं होती, पण ते सात नाही पर्यंत मोजून दार ओढून आले.

आईने आधी तिच्या वडिलांचं नाव घेतलं, मग आईचं. मग थांबली. मला वाटलं आता हिच्याने होत नाही. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते. आणि मग तिने बाबांचं नाव घेतलं, आजोबांच्या नावासकट, पूर्ण, स्वच्छ आवाजात, जेवायला हाक मारावी तसं.

दार उघडल्याचा आवाज झाला नाही. पण मागच्या रांगेतल्या बायकांनी एकीमागून एक पाय आत घेतले, कुणी पुढून जायला लागलं की घेतो तसे. एकीनेही पुस्तकातून मान वर केली नाही. शेवटी आईने तिची पिशवी बाकावरून उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकून बसली. प्रार्थना संपेपर्यंत ती तशीच अंग चोरून बसली होती.

घरी आल्यावर तिने निजताना दिव्याशेजारी त्यांचा फोटो ठेवला आणि पोटभर रडली. मीही रडले. आता ती गाढ झोपली आहे. तुझं काय झालं? आत थांबलास की बाहेर?

तुझी,
ताई


२४ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाटेत असेल, तरी राहवत नाही.

मी बाहेर गेलो. तुझ्याशी भांडण म्हणून नव्हे. नाडी द्यायची होती.

जिन्याखाली तो होताच. ताई, तो तुझ्याहून लहान आहे हे मी वाचलं होतं, पण काल तो मला माझ्याएवढा दिसला. माझे खांदे, माझी मान. यंदा मी चार पावलं चालून गेलो आणि कुणी दार उघडलं नाही. मी नाडी त्याच्या बुटाशेजारी जमिनीवर ठेवली आणि मागे सरलो. हाक मारायची होती. बाबा म्हणायचा मला सरावच नाही.

तो पाठमोराच राहिला. मग आतून कुणी हाक मारावी तसा तो एकदम वळला. मी घड्याळ पाहिलं, सव्वाअकरा झाले होते. तो खाली बसला, तारेचे पीळ सोडले, दोन्ही बूट काढून हातात घेतले. त्या दिवशी चामडं घालून आत जायचं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इतकी वर्षं फक्त कुणी आत बोलावलं नव्हतं. नाडी त्याने खिशात टाकली, तार तिथेच ठेवली. चेहरा मला नीट दिसला नाही. पण माझ्या जवळून जाताना त्याने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप उतरलाय का बघतात तसा.

पायरीवर मी आणि चार पोरं उरलो. मला बाहेर थांबायचं आता काही कारण नव्हतं. दार ढकलून आत गेलो आणि पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा बाबांचं नाव घेतलं. खूप रडलो. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याने माझा हात धरून ठेवला.

आईला शि. सा. न. तिला सांग, कपाळाला लावला तो हात गरम होता. माझ्यावरची माया दोघींनी मिळून चालू ठेवा. तार सोबत पाठवतो आहे. टोक अजून आत वळलेलं आहे, बोटाला लागणार नाही.

तुमचा,
ठोंब्या