काकूच्या नावावरचे स्वेटर

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नागपूरच्या त्या दुपारचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. आज तो तुलाच सांगते.

नव्वदच्या दशकातला तो डिसेंबर. मी नववीत होते. नाताळच्या सुट्टीत चुलतबहिणीचा साखरपुडा ठरला आणि नागपूरहून काकूचा फोन आला: मुलाकडच्या सगळ्यांना द्यायला स्वेटर हवेत, तुझ्या हाताला सफाई आहे, विणून आण. तू लगेच हो म्हणालीस. मग इंदिरानगरच्या आपल्या स्वयंपाकघरात कुकरकडे बघायचं काम माझ्याकडे आलं. तू ओट्याला टेकून विणते आहेस, मी पोळ्या लाटते आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेल्या शेजारच्या अक्का दारातून कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणतात, "स्वल्प बसा तरी, पाठ मोडून जाईल." तू म्हणतेस, "एक बाही तर राहिलीय." एक कुठली, ढीगभर राहिलेल्या असायच्या. मनगट सुजलं तेव्हा त्याला फडकं गुंडाळून विणलंस. शेवटची बटणं तर गाडीत लावलीस, डबा हलत असताना. सुईत दोरा मी ओवून देत होते.

साखरपुड्याला काकूनं ते स्वेटर तबकात मांडले. मुलाच्या आईनं एक उचलून उलटा करून पाहिला. "आतूनसुद्धा किती नीट आहे. कुणी विणले?"

काकू म्हणाली, "मीच. महिनाभर दुसरं काही केलं नाही."

मी तुझ्याकडे पाहिलं. तू पेढे वाटत राहिलीस. मग मीच म्हणाले, "काकू, हे तर आईनं विणलेत." आणि तू शांतपणे म्हणालीस, "उगाच खोटं बोलू नकोस. आत जाऊन पाणी आण."

खोटं. परक्या माणसांसमोर, आणि तेही तुझ्या तोंडून.

परतीच्या गाडीत मी तुझ्याकडे पाठ करून बसले. तूच म्हणालीस, "तिला त्या घरात नांदायचंय. तिची आई पहिल्याच दिवशी खोटी ठरली असती, तर पोरीला किती ऐकावं लागलं असतं?"

"आणि मी खोटी ठरले ते?"

"तू माझी आहेस. तुला समजावता येईल."

कधी समजावलंस, आई? पुढच्या हिवाळ्यात विहीणबाईंनी आणखी मागितले, काकूनं लोकरीचं पार्सल धाडलं आणि तू मुकाट्यानं पुन्हा सुया काढल्यास. नंतर दर वर्षी तेच.

तू गेल्यावर चुलतबहीण भेटायला आली. रडून झाल्यावर म्हणाली, "सासूबाईंना त्याच दिवशी कळलं होतं. माझ्या आईला साधा टाका घालता येत नाही, हे कुणाला ठाऊक नव्हतं? तुझ्याबद्दल म्हणाल्या होत्या, मुलगी धीट आहे." म्हणजे कुणाची अब्रू वाचली? ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना सगळं माहीत होतं. त्या खोलीत मला खोटी म्हणणारी तू एकटीच होतीस, आणि खरं काय ते तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? घडी घालून कपाटात ठेवते. लिहून राग काही कमी झाला नाही. आणि एक सांगते: तू समोर बसली असतीस, तर यातलं एक वाक्यही मी बोलले नसते. तुझं मनगट आता कसं आहे, एवढंच विचारलं असतं.