गाठी मारलेल्या सात तारा

मी, मच्छिंद्र रखमाजी नलगे, वय वर्षे एकोणपन्नास, धंदा मोटारींचे वायरिंग, राहणार काष्टी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे, मी कसल्या नशेत नाही आणि हे लिही म्हणून मला कोणी सांगितलेले नाही. काळजाचे दुखणे आहे. पुन्हा झटका आला तर सांगता येणार नाही, असे नगरचे डॉक्टर म्हणाले, म्हणून हात चालतो आहे तोवर लिहून घेतो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. काष्टी येथील स्टेशन रस्त्यावरचे दुकान, त्यामागचे दोन खोल्यांचे घर आणि दुकानातील सर्व हत्यारे माझी पत्नी सौ. छबूबाई हिला पूर्ण मालकीहक्काने मिळावीत. ती तिने ठेवावीत, विकावीत, कोणाला विचारायची गरज नाही.

याचे कारण आजवर कोणाला सांगितले नव्हते, ते इथे लिहितो. मला तांबडा आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येत नाही. जन्मापासून दोन्ही मातकटच दिसतात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासऱ्यांच्या शेतात मिरच्या तोडायला गेलो होतो. पिकलेल्या तांबड्याच तोडायच्या होत्या. माझ्या पाटीतल्या मिरच्या बघून छबू हसली आणि मग माझ्याकडे निरखून बघू लागली. म्हणाली, "अवो, निम्म्या हिरव्या हायेत की. तुमाला दिसत न्हाई व्हय?" मी वायरमन होतो. मोटारीच्या तारा रंगावरून ओळखायच्या असतात. मी तिला कोणाला न सांगण्याची शपथ घातली.

हे दुकान टाकल्यापासून एकवीस वर्षे ती माझ्याजवळ स्टुलावर बसत आली. मी बॉनेटमध्ये वाकलो की ती हळू आवाजात सांगायची, "ही तांबडी. ही हिरवी. ती न्हाई, तिच्या शेजारची." गिऱ्हाइकांना वाटे, नवराबायको घरचे काही बोलताहेत. बाईला घरी कामे नाहीत का, असेही लोक म्हणत. ते तिने ऐकून घेतले. त्या दुकानात डोळे तिचे आणि हात माझे होते, म्हणून दुकान तिचे.

कलम २. माझा धाकटा भाऊ छगन याच्याशी शेतीची वाटणी पूर्वीच झाली आहे. त्याने १९५८ साली भर बाजारात मला म्हटले, "दादा, बाईला मोटारीच्या तोंडाशी बसवतोस, आमाला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस." तेव्हा मी खरे कारण सांगितले असते तर भांडण तिथेच मिटले असते. म्हणून त्या रागातला निम्मा मी आज सोडून देतो. निम्मा ठेवतो, कारण त्याने छबूला वहिनी म्हणायचे बंद केले, आणि कारण माहीत नसले तरी ते करायला नको होते. माझी सायकल छगनने घ्यावी. ती वहिनीला विचारून घ्यावी, आणि विचारताना वहिनी म्हणावे.

कलम ३. पोस्टातील बचत माझी मुलगी सौ. विजयमाला, राहणार घोडेगाव, हिला मिळावी.

विजयमाले, तुला आणखी एक सांगायचे आहे. डोळ्यांच्या शिबिराला आलेल्या डॉक्टरांना मी एकदा एकट्याने गाठून विचारले होते. ते म्हणाले, हा दोष मुलीत सहसा दिसत नाही, पण तिच्याकडून तिच्या मुलात उतरू शकतो. तुझे बाळ आता दीड वर्षाचे आहे. बोलायला लागले, रंगांची नावे यायला लागली, की त्याच्यापुढे हिरव्या आणि तांबड्या मिरच्या ठेवून बघ. ओळखता आल्या तर देवाची कृपा. नाही आल्या तर रडू नकोस आणि त्याला रागावू नकोस. फक्त लपवायला शिकवू नकोस. लपवल्याने काय होते ते पुढच्या कलमात आहे.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही. १९५२ साली मी नगरला एका गॅरेजात कामाला होतो. मालक आता हयात नाहीत, त्यांचे नाव लिहीत नाही. तिथे वायरमन आम्ही दोघेच, मी आणि सूर्यभान धोंडिबा उबाळे. सूर्यभानचा हात माझ्याहून चांगला होता. एका साहेबांच्या मोटारीचे वायरिंग त्याच्याकडे होते. तो जेवायला गेला. साहेब लवकर येणार म्हणून मालक घाई करीत होते, तेव्हा राहिलेल्या तारा मी जोडून टाकल्या. जुन्या मोटारीत कुठली तार कुठे, ते मी जागेवरून ध्यानात ठेवी. त्या मोटारीत तारा नव्या घातलेल्या होत्या, रंग बघूनच जोडायच्या. कोणाला विचारावे, तर माझे बिंग फुटणार.

साहेबांनी चावी फिरवली आणि डॅशबोर्डामागून धूर निघाला. पुढची सीट जळाली, साहेबांचा हात भाजला. मालकांनी विचारले, "हे काम कोणाचे?"

सूर्यभान म्हणाला, "माझं हाय. पर मी जोडल्या त्या बराबर हुत्या, मालक." आणि त्याने माझ्याकडे बघितले.

मी खाली बघितले. छबू तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. हे कारण म्हणून लिहीत नाही, तेव्हा मनात काय होते ते लिहितो. सूर्यभानला त्याच दिवशी काढले आणि नगरच्या दुसऱ्या कुठल्या गॅरेजाने त्याला ठेवले नाही. तो ट्रकवर ड्रायव्हर झाला. जळाली ती तार मी जोडली होती. सूर्यभान उबाळे यांची काहीही चूक नव्हती. हे कोणालाही वाचून दाखवावे.

कलम ५. सूर्यभानने नंतर घेतलेल्या डॉज मोटारीची हकीकत, पुढे तिचे बॉनेट उघडणाऱ्या माणसासाठी. यंदा पेट्रोल परवडेना म्हणून त्याने त्या जुन्या मोटारीत मोडीतल्या टेम्पोचे डिझेल इंजिन बसवून घेतले. फेब्रुवारीत ती ओढून माझ्या दारात आणली. बावीस वर्षांनी आम्ही समोरासमोर आलो. म्हणाला, "दौंडपस्तोर सगळे सांगत्यात, वायरिंग करावं तर काष्टीच्या नलग्यानं. करतोस?"

जुने वायरिंग सहा व्होल्टचे, इंजिन बारा व्होल्टचे. मी सगळे उपसून काढले. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणजे निम्म्या तारा तशाही गेल्या. इंजिन बंद करायलासुद्धा तार नको, दांडी ओढली की झाले. जे लागत नाही ते ठेवायचे नाही, असे करत सातच तारा उरल्या. सातही काळ्या घेतल्या आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना मेणाच्या दोऱ्याने गाठी मारल्या. एक गाठ स्टार्टरच्या बटणाची, दोन इंजिन आधी तापवायच्या हीटरच्या, तीन डायनामोच्या, चार पुढच्या दिव्यांच्या, पाच मागच्या, सहा हॉर्नच्या. सातवी बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतची जाड, तिला गाठ नाही. डोळे मिटूनसुद्धा ओळखता येतात. हे दुकान टाकल्यापासून छबूला न विचारता केलेले हे एकच काम.

आठव्या दिवशी इंजिन पहिल्या बटणाला सुरू झाले. सूर्यभानने वाकून बघितले आणि विचारले, "समद्या काळ्याच का रं? आन् ह्या गाठी कशाच्या?"

मी रंगाचे सांगितले. मग थांबता येईना, बावन्न सालचेही सांगितले. इंजिन चालूच होते. त्याने वाकून एक गाठ बोटांनी चाचपली. मग म्हणाला, "बावीस वरसं मी रोज माझ्या तारा जोडून बघतोय, मनात. वाटायचं, मी जोडलेल्यातलीच चुकली आसंल. त्या पायी पुन्यांदा तारंला हात लावला न्हाई मी."

मी त्याचे पाय धरायला वाकलो. त्याने हात धरून उभे केले, बॉनेट लावले आणि मोटार घेऊन निघून गेला. त्यानंतर सहा महिने आला नाही.

कलम ६. दुकानालगतची माझी दोन गुंठे मोकळी जागा सूर्यभान धोंडिबा उबाळे यांना मिळावी.

हे कलम मी आज माझ्या हाताने खोडले आहे. का, ते लिहितो. कच्चा मजकूर झाल्यावर मी सूर्यभानला निरोप धाडला. तो येईल असे वाटले नव्हते. आज सकाळी आला. ओसरीवर बसला, छबूने दिलेला चहा घेतला आणि म्हणाला, "वाच."

मी सगळे वाचले. तो म्हणाला, "चौथं कलम पुन्यांदा वाच." मी पुन्हा वाचले.

"ह्याच्या खाली साक्षीदार लागत्यात न्हवं? मी सही करतो."

मी म्हटले, "तुला नाही करता येणार. ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार राहू नये, असे श्रीगोंद्याचे वकील म्हणाले. उद्या कोणी शंका काढील."

"मंग ती जागा खोड."

"सूर्यभान, ती तुझी आहे. तेवढे तरी मला देऊ दे."

"मला जागा नको, मच्छिंद्रा," तो म्हणाला. "त्या दिशी मी खरं बोललो, ते कुनी ऐकलं न्हाई. आता तू लिवलंस. त्याच्या खाली माझं नाव पायजे."

छबू उठून आत गेली. मी कलम खोडले. ती जागाही आता छबूबाईची.

याखेरीज राहून गेलेले जे काही निघेल ते छबूबाईला मिळावे. माझ्यामागे या कागदावरून कोणी तंटा करू नये.

ठिकाण: काष्टी
तारीख: ११ ऑगस्ट १९७४

सही: मच्छिंद्र रखमाजी नलगे

वरील सही मच्छिंद्र नलगे यांनी आम्हां दोघांच्या डोळ्यांदेखत केली. ते पूर्ण शुद्धीवर आहेत. त्यांच्या समक्ष आम्ही सह्या करतो.

साक्षीदार

१. गोरक्षनाथ बाबूराव हिरवे, निवृत्त शिक्षक, काष्टी

२. सूर्यभान धोंडिबा उबाळे, वायरमन