आडनावाच्या जागी रेघ

सोमवार, ४ मार्च

आज पुन्हा तेच. चाकाचे सहा नट, त्यातला एक नुसत्या बोटांनी फिरला. वेल्डर गाडीखालून ओरडला, "मिस्त्री, इथे एक — बसलाय." सगळे हसले. मीही हसायला गेलो, जमलं नाही.

आडनाव इथे लिहीत नाही. दिवसभर ऐकून कान किटतात, वहीत तरी रेघ बरी. आमच्या गॅरेजची रीत अशी – नट पान्याने घट्ट आवळायचा, मगच त्यावर पिवळा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की पुढचा तपासत नाही, गाडी रस्त्यावर. ठिपका आहे पण नट ढिला, तर त्याला इथे — म्हणतात. मूळचा तो कोण, कुणालाच माहीत नाही. या शहरात दर दहावं दार आमच्या आडनावाचं. पण गॅरेजात सध्या मी एकटाच!

मंगळवार, ५ मार्च

स्टोअरच्या खिडकीवर गेलो. जुना दिल्याशिवाय नवा मिळत नाही, म्हणून चांगल्या बोल्टचे आटे कानशीने घासून नेले. या आठवड्यातला दुसरा. स्टोअर सांभाळणाऱ्या मुलीने तो उजेडात धरला.

"वरून तर चांगला दिसतोय."

"दिसतो. आतून गेलाय."

"मग — आहे म्हण की," आणि हसली. मग जीभ चावली. "तुला नाही रे म्हटलं."

मला नाही, तर कुणाला? असलं नाव कोण मुलगी आपल्या नावापुढे लावून घेईल?

शुक्रवार, ८ मार्च

वेल्डरची कॉलर धरली. मिस्त्रींनी सोडवलं. "अरे बाबा, माझ्या मेव्हण्याचंही हेच आडनाव. रोज ऐकतो, रोज जेवतो."

घरी आईने फाटलेली बाही पाहिली आणि सुई-दोरा काढला. बाबा म्हणाले, "कॉलेज सोडलंस तेव्हाही कॉलरच धरली होतीस. सरांची." मग स्वतःशीच – "आमच्या टपाल विभागात अर्धवट पत्त्याच्या पाकिटाला — म्हणतात. तीस वर्षं हसतोय मी."

बाबांना हसताना मी शेवटचं कधी पाहिलं, आठवत नाही.

शनिवार, ९ मार्च

खिडकीकडे फिरकलो नाही.

सोमवार, ११ मार्च

ठरलं. प्रत्येक नट दोनदा आवळायचा. आठवडाभर एकही ढिला निघू द्यायचा नाही आणि शनिवारी तिला सरळ विचारायचं. मिस्त्री बघत होते. "नटाचा गळा दाबतोयस की काय?"

गुरुवार, १४ मार्च

मिनीबसचं चाक बसवत होतो, प्रवासी बाहेर चहाला थांबले होते. नट हातानेच चढवले होते, पाना घ्यायचा होता. तेवढ्यात तिने हाक मारली, चक्क माझ्या नावाने. रंगाचा ब्रश हातातच होता. म्हटलं, ठिपके देऊन टाकू, आल्यावर आवळू. सहाच्या सहा दिले.

तिला फक्त रजिस्टरवर सही हवी होती. दोन मिनिटांचं काम, मी वीस लावली. परत आलो तर जागा रिकामी. ठिपके बघून वेल्डरने जॅक उतरवला होता, ड्रायव्हर निघाला होता.

धावलो. फाटकाशी मिस्त्री बससमोर आडवे उभे होते. चाक ठकठक वाजलेलं त्यांनी ऐकलं होतं. आत बारा माणसं. त्यांनी तीन नट बोटांनी काढले आणि माझ्या तळहातावर ठेवले. वेल्डर शेजारीच होता. त्यानेही तो शब्द उच्चारला नाही.

उच्चारला असता तर बरं झालं असतं.

शनिवार, १६ मार्च

पाना आता फक्त मिस्त्रींसमोर हातात घ्यायचा, असं ठरलंय. बरोबरच आहे.

तरी खिडकीवर गेलो. आज जुना नट-बिट काही नेला नाही.

"काढलं नाही ना तुला?" तिने विचारलं. काळजीने विचारलं, हे मी नक्की सांगतो.

"नाही. पण आडनाव बदलता आलं असतं तर आजच बदललं असतं."

"आडनावात काय आहे? मला तर आवडतं ते."

विचारायचं होतं ते राहूनच गेलं. पण आवडतं म्हणाली! घरी पायी आलो, बसची आठवणही झाली नाही. सोमवारी नक्की.

सोमवार, १८ मार्च

तिने सगळ्यांना लग्नपत्रिका वाटल्या. मुलगा विमा कंपनीत आहे. आडनाव —. त्यांच्या ऑफिसात म्हणे, जो वेळेवर येतो त्याला — म्हणतात.