वाढत्या अंगाचे कपडे

४ जानेवारी
ताईकडे पोहोचले. आई गेल्यापासून घर खायला उठत होतं, आणि ताईचाच फोन आला की ये राहायला. तिने आईशी अबोला धरला तो माझ्याशीही. इतक्या वर्षांनी आवाज ओळखूच आला नाही. दारात आली ती गळ्यात टेप, ओठांत टाचणी. मला बघून म्हणाली, ही बाई आहे की हँगर? पुढच्या खोलीत तिचं शिवणकाम, मागच्या खोलीत आम्ही दोघी. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

९ जानेवारी
मी काजं-बटणं करते. ताई म्हणते, टाके चांगले आहेत, फक्त मुंगीच्या पावलांनी चालतात. कपाट आवरताना मुलीचे फ्रॉक सापडले. अगदी लहान, मग मोठे, मग बाईच्या मापाचे झगे. गिऱ्हाइकाचे का, विचारलं. ताई म्हणाली, मधलीचे. दरवर्षी एक शिवते, वाढत्या अंगाचा.
मधली म्हणजे आमची बहीण. लहानपणी मावशीकडे तापाने गेली, असं आई सांगायची.

१२ जानेवारी
ताईने आज सांगितलं. ताप नव्हता. आईची थप्पड बसली आणि मधली जिन्यावरून कोसळली. ताईने पाहिलं होतं. मोठी झाल्यावर ती गप्प बसेना, म्हणून आईने तिला घराबाहेर काढलं. मी आईचंच खरं मानत राहिले.
आता आईसाठी रडू की मधलीसाठी, कळत नाही.

१५ जानेवारी
ते कपडे वापरलेले आहेत. कोपर विरलेत. काखेत घामाचे डाग. शिवणीत ठेवलेली जादा कापडाची माया उसवून सोडली आहे, अंगाला कमी पडल्यावर सोडतात तशी. ताईला विचारलं. म्हणाली, पोरगी वाढणार नाही का?

१६ जानेवारी
निघावं. पण कुठे? ताईशिवाय मला कोण आहे?

१७ जानेवारी
नवा झगा माझ्या अंगावर चढवून पाहिला तिने. मधलीचं माप तुझंच, म्हणे. नेमका बसला. आतून उबदार होता — नुकताच कुणी काढून —
ताईने मला कुशीत घेतलं. मधली म्हणून.

१८ जानेवारी
असू दे. तिला मधली हवी, तर मी मधली. माझ्या नावाने हाक मारणारं तरी कोण उरलंय?
दुपार. मी मागच्या खोलीत एकटीच. ताई पुढून हाक मारतेय. मधलीला. ओ देणार होते —
माझ्याआधी कुणीतरी दिली. इथूनच. माझ्या पाठी—